दोसिंदाची हाक

सात सह्या झाल्या होत्या. आठवी होत नव्हती, आणि त्या एका सहीपायी हवाई दलाचा एक अख्खा कॅप्टन कोर्वेरो गावात तीन दिवस अडकून पडला होता.

कॅप्टन बेल्दाने मासळीच्या लिलावाच्या खोलीत टेबल मांडलं होतं. टेबलावर टाइपरायटर, दोन शिक्के आणि एक भुरी फाइल. आकाशात कुणाला काही अनोळखी दिसलं की माद्रिदहून एक अधिकारी जायचा, साक्षी घ्यायचा, ते काय होतं ते ठरवायचा आणि फाइल बंद करायचा, अशी त्या काळी पद्धत होती. बेल्दाची ही त्या वर्षातली नववी फाइल. गावाने पहिल्याच संध्याकाळी त्याचं बारसं करून टाकलं होतं: तबकडीसाहेब.

"बसा, बाई," तबकडीसाहेब म्हणाला.

"नको. बसले तर तुम्हाला वाटेल सही करायला बसले," दोसिंदा म्हणाली.

दारात उभा असलेला सिव्हिल गार्डचा हवालदार इलाडियो मिशीतल्या मिशीत हसला आणि लगेच बंदुकीचा पट्टा नीट करू लागला. दोसिंदा लेस्तोन बावन्न वर्षांची होती. नवऱ्याला समुद्राने नेलं त्याला एकोणीस वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून ती कुणापुढे बसायचं आणि कुणापुढे नाही हे स्वतःच ठरवत आली होती.

बेल्दाने कागद उचलून वाचला. "'तेरा डिसेंबर, सकाळी पावणेनऊच्या सुमारास, धुक्यातून मावळणारा चंद्र पाहून साक्षीदाराचा गैरसमज झाला.' एवढंच आहे. यात तुमची काही बदनामी नाही. चंद्राने भल्याभल्यांना फसवलंय. गेल्या महिन्यात एका न्यायाधीशाला फसवलं."

"चंद्राने?"

"मावळत्या."

दोसिंदा इतकी मोठ्याने हसली की बाहेर जाळी विणत बसलेले म्हातारे आत डोकावले.

आता यात हसण्यासारखं काय, ते कोर्वेरोत शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पेर्सेबे नावाचा एक जीव असतो, बोटाएवढा, काळ्या कातडीचा, नखासारख्या टोकाचा. तो खडकाला अशा ठिकाणी चिकटतो जिथे लाट सगळ्यात जोरात आपटते. श्रीमंतांच्या ताटात तो पडावा म्हणून बायका पटाशी घेऊन तिथे उतरतात, आणि उतरता येतं ते फक्त उधाणाच्या ओहोटीला, पाणी खूप खाली जातं तेव्हा. उधाण महिन्यात दोनदा, पौर्णिमेला आणि अमावस्येला. हवालदार इलाडियोने बेल्दाला सांगितलं होतं, "चंद्राचं उधाण असलं की उतरतात त्या." बेल्दा अल्बासेतेचा, जिथून समुद्र बघायचा तर दिवसभर आगगाडीत बसावं लागतं. त्याने चंद्र म्हणजे पुरता गोल चंद्र असं धरलं, आणि पौर्णिमेचा चंद्र पहाटे पश्चिमेला मावळतो हे शाळेत शिकलेलं आठवून तिथेच कागद टाइप केला.

"साहेब, तुमच्या मागे कॅलेंडर आहे," दोसिंदा म्हणाली. "जाळीवाल्याने फुकट दिलंय, पण बरोबर असतं. बघा जरा, तेरा तारखेला काय आहे."

बेल्दा वळला. तेराच्या आकड्याखाली काळा कुळकुळीत ठिपका होता.

"अमावस्या," दोसिंदा म्हणाली. "त्या दिवशी चंद्र मला दिसला असता तर तुम्ही नाही, पोपनेच यायला हवं होतं चौकशीला."

त्याने ठिपक्यावर बोट टेकवलं. मग फाइलमधले सात कागद त्याने पत्त्यांसारखे पसरले. "पण या सातजणींनी तर..."

"त्यांना काय विचारता? अमावस्या कधी ते त्या झोपेत सांगतील. तुम्ही आल्या आल्या खडकावर पहारा बसवलात. चौकशी संपेपर्यंत कुणी उतरायचं नाही म्हणालात. वर्ष संपायला तीन दिवस उरलेत, उद्यापासून पौर्णिमेचं उधाण, आणि नव्या वर्षाच्या रात्री सगळा स्पेन पेर्सेबे खातो. चंद्राच्या जागी तुम्ही बिशपची टोपी लिहिली असतीत तरी सात सह्या मिळाल्या असत्या तुम्हाला."

बेल्दाचे कान लाल झाले. तो वाईट माणूस नव्हता, हे दोसिंदाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. वाईट माणसं कॉफीला थँक्यू म्हणत नाहीत. पण माद्रिदला त्याच्या वर कुणीतरी बसलेलं होतं, त्याच्या वर आणखी कुणी, आणि त्या सगळ्यांना उंटावरून शेळ्या हाकायची सवय होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "जहाजाचा दिवा म्हणू. धुक्यातला."

"धुकं नव्हतं."

"हवेत सोडलेला फुगा म्हणू. हवामानखात्याचा."

"तुमच्याकडे यादीच आहे वाटतं."

यादी होती. टाइपरायटरच्या शेजारीच पडली होती, आणि बेल्दाने ती हळूच फाइलखाली सरकवली. "तुम्हाला हवंय तरी काय, बाई?"

"लिहा, दोसिंदा लेस्तोनने ते पाहिलं. शुद्धीत होती, डोळे चांगले आहेत. ते काय होतं ते तिला माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही. मग देते सही."

"'माहीत नाही' म्हणून फाइल बंद होत नाही."

"मग राहू दे उघडी."

"फाइल उघडी म्हणजे खडक बंद," बेल्दा म्हणाला. धमकी देताना त्याने टाइपरायटरकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. "आणि उद्या सकाळी मला जागेची पाहणी करायची आहे. फॉर्मात अकरावा रकाना आहे. तुम्ही आठजणींनी त्या दिवशी होतात तशा उभ्या राहायचं. खरवडायचं काही नाही, नुसतं उभं राहायचं."

"राहू की," दोसिंदा म्हणाली. "बूट चांगले घालून या."

त्या दुपारी ओब्दुलिया आली. ही दोसिंदाची नणंद, आठांतली सगळ्यात चपळ आणि सगळ्यात आधी सही करणारी. चुलीवर कोबीचं सूप रटरटत होतं. ओब्दुलियाने आल्या आल्या झाकण काढून चव घेतली, मीठ कमी आहे म्हणाली, आणि मग स्टुलावर बसून मुद्द्याला हात घातला.

"वहिनी, कर ना सही. एक कागद तो. माद्रिदला गेला की उंदीर खातील त्याला."

"तू केलीस ना? झालं तर."

"मी केली, रेमेदियोसने केली, सगळ्यांनी केली. तुला कसला एवढा तोरा? आम्हाला काय मान नाही?"

"तुम्हाला मान आहे, पण तुम्ही पहाऱ्यावर नसता."

ओब्दुलियाने सुपाचं झाकण पुन्हा नीट बसवलं. हे खरं होतं, आणि कोर्वेरोच्या बायकांमध्ये यापेक्षा मोठं खरं नव्हतं. म्हातारा नावाच्या त्या खडकावर सातजणी खाली उतरतात, खडकाकडे तोंड करून, समुद्राकडे पाठ करून. वळून बघायला वेळ नसतो, आणि बघायचंही नसतं. आठवी वर उभी राहते, हातात काही नाही, डोळ्यांत तेल घालून समुद्राकडे बघत. मोठी लाट येताना दिसली की ती ओरडते, "आली!" आणि सातजणी हातातलं टाकून, मागे न बघता, दोरीला धरून वर. मागे बघण्यात जो क्षण जातो तेवढा लाटेला पुरतो. दोसिंदा अकरा वर्षं आठवी होती. या अकरा वर्षांत ती फुकट एकदाही ओरडली नव्हती, आणि तिच्या पहाऱ्यावर समुद्राने एकही बाई नेली नव्हती.

आणि तेरा तारखेला ती ओरडली तेव्हा लाट नव्हती.

सांता लुसियाचा दिवस होता तो, डोळ्यांच्या देवीचा. समुद्र शांत, उजाडायला थोडं बाकी; डिसेंबरात तिथे सूर्य नऊच्या सुमारास उगवतो. पश्चिमेकडून, पाण्याच्या जरा वरून ते आलं. सुपाएवढं, निखाऱ्याच्या रंगाचं, आवाज नाही. म्हाताऱ्यापासून दीडशे पावलांवर थांबलं. त्याच्याखालचं पाणी कुणी तळहाताने दाबून धरावं तसं सपाट झालं. हे काय आहे, ते दोसिंदाला कळेना. एवढं कळलं की बायका खाली आहेत, आणि त्या खडकावर ओरडायला एकच शब्द आहे. ती ओरडली. सातजणी वर आल्या, सात टोपल्या खाली राहिल्या, आणि त्या वर येईपर्यंत ते उत्तरेकडे सरळ वर चढून गेलंही होतं. मागून कुठलीच लाट आली नाही.

तेव्हापासून पलीकडच्या खाडीतल्या बायका म्हणू लागल्या होत्या की कोर्वेरोच्या दोसिंदाला आता कंदील दिसला तरी लाट वाटते. बाजारात एकीने तोंडावर विचारलं होतं, "काय गं, चष्मा घेतलास की नाही?"

"ओब्दुलिया, नीट ऐक," दोसिंदा पळी खाली ठेवून म्हणाली. "उद्या त्या कागदावर आलं की दोसिंदाने चंद्र बघितला, दिवा बघितला, फुगा बघितला आणि घाबरून ओरडली. मी सही केली म्हणजे मीच ते कबूल केलं. मग परवा मी खडकावरून ओरडले, आणि तुमच्यातली एक जरी आधी वळून बघत बसली, की बाई खरंच लाट आहे की हिला परत काही दिसलं, तर ती गेली. समजलं? माझ्या तोऱ्याचं नाही हे. मला तुझ्या मयताला यायचं नाहीये."

ओब्दुलिया बोटांची नखं बघत बसली. मग हळू म्हणाली, "माझी सावली पडली होती गं."

"कुठे?"

"समोर, खडकावर. त्या दिवशी. तू ओरडलीस त्याच्या जरा आधी. तांबडा उजेड, आणि त्यात माझी सावली. हातातली पटाशीसुद्धा दिसत होती सावलीत. मला वाटलं, पाठीमागे कुणी चूल पेटवली."

दोसिंदाने तिच्याकडे असं पाहिलं की ओब्दुलियाने स्टूल मागे सरकवलं. "मग हे सांगितलंस का त्याला?"

"त्याने विचारलंच नाही! त्याने एवढंच विचारलं, 'चंद्र होता ना?' मी म्हटलं, 'हो साहेब.' मला काय, घरी चूल पेटवायची आहे."

"जा घरी," दोसिंदा म्हणाली. "सूप हवं असेल तर घेऊन जा. मीठ आपलं आपण घाल."

सकाळी साडेआठला सगळे म्हाताऱ्याच्या माथ्यावर जमले. पश्चिमेला समुद्रावर पौर्णिमेचा चंद्र लोण्याच्या गोळ्यासारखा टेकला होता. बेल्दा धापा टाकत वर आला, गणवेशावर रबरी बूट, तेही हवालदाराचे.

"साहेब," दोसिंदा बोट दाखवून म्हणाली, "तो बघा चंद्र. ओळख करून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी चुकायला नको."

बायका खदखदल्या. सोळा दिवसांत त्या पहिल्यांदा तिच्या बोलण्यावर हसत होत्या. बेल्दाने उत्तर दिलं नाही. त्याने फळीला लावलेला कागद बाहेर काढला आणि आपापल्या जागी जायला सांगितलं. सातजणी दोरीने खाली उतरल्या. नुसतं उभं राहायचं असं ठरलं होतं, पण म्हातारी रेमेदियोस शालीआड पटाशी घेऊनच आली होती आणि उभ्या उभ्या तिचे हात चालले होते. हवालदार इलाडियो दुसरीकडे बघत होता.

बेल्दा कड्यावरून वाकून बघत राहिला. "या तर सगळ्या पाठमोऱ्या आहेत."

"मग? पेर्सेबे काय समुद्रात तरंगतात?"

"म्हणजे यांच्यापैकी कुणालाच काही दिसलं नसणार."

"आता कसं बोललात."

"सात साक्षीदार," तो स्वतःशीच म्हणाला, "आणि सातही पाठमोरे." त्याने कागदावर काहीतरी खोडलं. मग म्हणाला, "मला खाली जाऊन बघायला हवं. तिथून काय दिसतं ते."

"ओब्दुलिया!" दोसिंदाने हाक मारली. "वर ये. साहेब तुझ्या जागी उभे राहणार आहेत."

ओब्दुलिया वर आली आणि अल्बासेतेचा कॅप्टन दोरीला लोंबकळत, दोनदा घसरत, देवाचं नाव घेत खाली उतरला. ओब्दुलियाच्या जागी, गुडघाभर फेसात, तो समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

"तसं नाही," दोसिंदा वरून म्हणाली. "खडकाकडे तोंड. पाठ समुद्राला."

"मला समुद्र बघायचा आहे."

"समुद्र बघायचं काम माझं. तुम्ही खडक बघा."

त्याने एकदा सहाजणींच्या पाठींकडे पाहिलं. मग तोही वळला. वरून दोसिंदाला त्याची मान दिसत होती, न्हाव्याने नुकतीच कापलेली, गोरी, आणि तिला वाटलं की हा माणूस घाबरलाय, पण उभा आहे. त्याबद्दल तिला त्याचं बरं वाटलं. पुढे तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती समुद्राकडे बघत होती.

पाच मिनिटं गेली, सहा गेली. बाहेर, खोल पाण्याच्या काळ्या पट्ट्याच्या पलीकडे, पाणी एका ठिकाणी जरासं फुगलं. पाहणाऱ्याला त्यात काही दिसलं नसतं. दोसिंदाला दिसलं.

"आली!"

सहाजणी एकदम दोरीकडे झेपावल्या. एकीनेही मान वळवली नाही. आणि सातवा, कॅप्टन बेल्दा, फळी, कागद, पेन सगळं फेसात सोडून दोरीला झोंबला. गुडघे सोलले, एक बूट गेला, रेमेदियोसने खालून त्याच्या ढुंगणाला खांदा दिला आणि ओब्दुलियाने वरून कॉलर धरून ओढला. तो माथ्यावर पालथा पडला तेव्हा खाली म्हातारा हादरला. जिथे तो उभा होता तिथे पुरुषभर उंच पांढरं पाणी उभं राहिलं आणि आत ओढून नेता येईल ते सगळं घेऊन परत गेलं.

बेल्दाने तोंडावरचं खारं पाणी पुसलं. दोसिंदा त्याच्यासमोर उकिडवी बसली. चार दिवसांत ती त्याच्यापुढे पहिल्यांदा बसली होती.

"साहेब, तुम्ही वळून बघितलंत?"

"नाही."

"का नाही? मला परत चंद्र दिसला असता तर?"

त्याने ओला मोजा वर ओढला.

"माझ्या डोळ्यांवर तुमचा जीव टांगता आला," दोसिंदा रागाने म्हणाली. "मग माझ्या डोळ्यांवर तुमची फाइल का नाही टांगता येत?"

"माझी सावली पडली होती, साहेब," ओब्दुलिया मध्येच म्हणाली. "त्या दिवशी खडकावर. तांबडी. ते लिहा. आणि मी सही केलेला कागद मला परत द्या."

"माझाही," रेमेदियोस म्हणाली. "चंद्र म्हणे! माझ्या नातवंडांना कळलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

बेल्दाने हवालदाराकडे कागद मागितला. इलाडियोकडे दंडाच्या पावत्यांचं पुस्तक होतं. त्यातलं एक पान त्याने उलटं करून दिलं. बेल्दाचं पेन समुद्रात गेलेलं, म्हणून इलाडियोची पेन्सिल. एका पायात बूट, एका पायात ओला मोजा, अशा अवस्थेत कॅप्टन बेल्दाने गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"'साक्षीदार दोसिंदा लेस्तोन, पहारेकरी. वस्तू पाहिली. वस्तू काय होती ते साक्षीदाराला माहीत नाही. चौकशी अधिकाऱ्यालाही माहीत नाही. साक्षीदाराची नजर अधिकाऱ्याने स्वतः तपासली आहे.'"

"शुद्धीत होती ते राहिलं," दोसिंदा म्हणाली.

त्याने तेही लिहिलं. दोसिंदाने पेन्सिल घेतली आणि एकेक अक्षर सुटं सुटं काढत आपलं नाव लिहिलं, आडनावासकट.

"ही फाइल माद्रिदला आवडणार नाही," बेल्दा म्हणाला. "'गुप्त' असा शिक्का मारून कपाटात टाकतील. मलाही कुठल्यातरी कपाटात टाकतील बहुधा. कुणी वाचणार नाही, बाई."

"ज्यांना कळायला हवं होतं त्यांच्यासमोर तुम्ही मोठ्याने वाचलंत. मला पुरे," दोसिंदा म्हणाली आणि उठली.

पाणी अजून उतरत होतं. ओहोटीची चांगली दीड घटका शिल्लक होती. हवालदार इलाडियोने खाकरून विचारलं, "साहेब, चौकशी संपली का? म्हणजे खडक बंद धरायचा की उघडा?"

बेल्दाने ओल्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ थांबलेलं होतं. तो काही म्हणायच्या आत ओब्दुलियाने दगडाआड लपवून ठेवलेली टोपली कमरेला बांधली, दोरी धरली आणि खाली उतरली. मागोमाग रेमेदियोस, मागोमाग बाकीच्या पाच.

दोसिंदा आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. खाली सातजणींनी एकेक करून समुद्राकडे पाठ केली.